हा कप कुणी कुणाला दिला होता? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात जपानी सैनिकांच्या साके (तांदळाची जपानी दारू) पिण्याच्या कपांबद्दल जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळी सगळी जागा त्यांनाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांनी फोटो पाठवले त्यांचे आभार, आणि ज्यांनी कप उलटा करून बुडाचा फोटो पाठवला त्यांचे तर खास आभार, कारण अर्धी उत्तरं तिथेच मिळतात.

प्रश्न: मला एक छोटा पांढरा कप मिळालाय. आत पंचकोनी तारा, बाजूला जपानी झेंडा, बुडाला दोन अक्षरं. विकणारा म्हणाला की हे मेडलसारखं असतं, शौर्यासाठी मिळायचं. खरंय का?

नाही, मेडल नाही. सरकारने दिलेले कप वेगळे असतात, त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय. तुमचा कप बहुतेक एखाद्या साध्या शिपायाने किंवा त्याच्या घरच्यांनी स्वतःच्या पैशाने करून घेतलेला आहे, आणि मला विचाराल तर म्हणूनच तो मेडलपेक्षा जास्त बोलतो.

जपानमध्ये 1873 ला सक्तीची लष्करभरती सुरू झाली. वीस वर्षांचा झाला की पोराची तपासणी, पास झाला की छावणीत रवानगी. तो निघाला की अख्खी वाडी निरोपाला यायची, झेंडे लावायचे, हातात थोडेफार पैसे ठेवायचे, त्याला सेन्बेत्सु म्हणतात. आता जपानमध्ये कुणी काही दिलं की त्याची परतफेड करायची ही पक्की रीत, मग दोन-तीन वर्षांनी नोकरी संपवून पोरगा घरी निघाला की ज्यांनी ज्यांनी दिलं होतं त्या सगळ्यांना काहीतरी द्यायला नको का? तर तेच हे कप. छावण्यांच्या आसपास याची दुकानं असायची, तिथे ऑर्डर द्यायची, कपावर रेजिमेंटचं नाव, आपलं आडनाव आणि 'किनेन' म्हणजे आठवण असं लिहून घ्यायचं, आणि गठ्ठा बांधून गावी न्यायचा. लष्करी कप म्हणून यांना 'गुनपाई' म्हणतात.

तुमच्या बुडावरची दोन अक्षरं बघितली, ते आडनाव आहे. तारा हे लष्कराचं चिन्ह. नौदलाचा कप असता तर नांगर आणि चेरीचं फूल दिसलं असतं. आणि आतल्या कडेला जी ओळ आहे त्यात 'होहेई' म्हणजे पायदळ आणि 34 हा आकडा आहे. पायदळाची 34 वी रेजिमेंट शिझुओकाची. या रेजिमेंट बहुतेक त्या त्या भागातल्या पोरांच्याच असायच्या, 4 वी सेंदाईची, 18 वी तोयोहाशीची, 45 वी कागोशिमाची. त्यामुळे नुसता आकडा वाचता आला तरी तो पोरगा साधारण कुठल्या भागातला ते कळतं. कधी 5 व्या रेजिमेंटचा कप हाती लागला तर दोन मिनिटं थांबा. ती आओमोरीची. 1902 च्या जानेवारीत हाक्कोदा डोंगरात हिवाळी सरावाला गेलेली तिची तुकडी बर्फाच्या वादळात सापडली, 210 जणांपैकी 199 गेले.

एवढं लांबण लावायचं कारण असं की पुढच्या प्रत्येक उत्तरात मी हाच प्रश्न विचारणार आहे, की हा कप कुणी, कुणाला, कशासाठी दिला होता? खऱ्या कपाकडे त्याचं उत्तर असतं. बनावट कपाकडे बहुतेक वेळा नसतं.

प्रश्न: मी ऑनलाइन लिलावात कामिकाझे वैमानिकाचा कप घेतला. आत विमान, चेरीची फुलं, 'तोक्कोताई' असं लिहिलंय, सोनेरी कड अगदी मस्त आहे. तुमच्या मते खरा आहे का? फोटो जोडलेत.

वाईट वाटतंय लिहायला, पण मला तो खरा वाटत नाही.

आधी कारणाचं बघू. तोक्कोताई म्हणजे आत्मघाती हल्ल्यांच्या तुकड्या, त्या फिलिपिन्समध्ये 1944 च्या ऑक्टोबरात सुरू झाल्या. त्यावेळी जपानची परिस्थिती काय होती? 1940 च्या 7 जुलैलाच चैनीच्या वस्तू बनवण्या-विकण्यावर बंदी आली होती, 1941 ला घराघरातलं धातूचं सामान गोळा करायचा हुकूम निघाला, आणि युद्ध चालू असताना पोरांना घरी सोडणंच जवळजवळ बंद झालं. घरी परतल्यावर वाटायच्या वस्तूवर आत्मघाती तुकडीचं नाव येणार कसं? निघण्यापूर्वी वैमानिक निरोपाचा पेला घ्यायचे हे खरं आहे, त्याचे फोटोही आहेत, पण तो साधा पेला असायचा, त्यावर सोनेरी अक्षरात तुकडीचं नाव रंगवून कुणी ठेवत नव्हतं.

आता फोटो. तुम्ही जवळून घेतलेत ते बरं केलंत, तिसरा फोटो मोठा करून बघा. विमानाच्या डाव्या पंखाखालून एक बारीक ओरखडा येतो, पंखापाशी दिसेनासा होतो आणि दुसऱ्या बाजूला परत सुरू होतो. म्हणजे ओरखडा आधीचा आणि रंग नंतरचा. जुना, कोरा, वापरलेला पांढरा कप घ्यायचा, तो येन-दोन येनला ढिगाने मिळतो म्हटलं तरी चालेल, आणि त्यावर आज चित्र काढायचं, ही बनावटवाल्यांची आवडती पद्धत. कप खरोखर जुना असतो, त्यामुळे बुडाची झीज, मळ सगळं बरोबर दिसतं आणि माणूस फसतो. खऱ्या कपात उलटं दिसतं, ओरखडे चित्राच्या वरून जातात, साके पिताना जिथे ओठ लागतो तिथे सोनं विरलेलं असतं, आतल्या तळाला कप धुताना-पुसताना घासून रंग पातळ झालेला असतो. झीज जिथे हात लागतो तिथेच हवी. सगळीकडे सारखी झीज दिसली तर कुणीतरी कापडाने घासून आणलीये असं समजा.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. क्योतोला तोजी देवळात दर महिन्याच्या 21 तारखेला जुना बाजार भरतो, तिथे एका विक्रेत्याकडून मी एक विमानवाला कप घेतला होता, खूप खूश होतो, आणि रात्री खोलीवर दिव्याखाली दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं तर हाच प्रकार, प्रॉपेलरच्या खाली जुनी ओरखड्यांची जाळी. तो कप मी अजून ठेवलाय, खऱ्याच्या शेजारी, तुलनेसाठी. नवीन लोकांना दाखवायला त्याच्याइतकी उपयोगी वस्तू माझ्याकडे दुसरी नाही.

एक लक्षात घ्या, बनावट करणारा मेहनत कशावर घेणार, तर ज्याला गिऱ्हाईक जास्त पैसे देतं त्यावर. विमान, रणगाडा, पाणबुडी, पॅराशूटवाले, कामिकाझे, हे विषय दिसले की दुप्पट सावध. साध्या पायदळाच्या कपाला काही हजार येनच्या वर सहसा कुणी देत नाही, म्हणून तो बनावट करण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. सुरुवात त्याच्यापासूनच करा.

प्रश्न: कपावर 'शोवा 9' असं आहे असं एकाने वाचून दाखवलं. म्हणजे कुठलं साल?

1934. जपानी साल बादशहाच्या कारकिर्दीप्रमाणे मोजतात, शोवा, ताइशो, मेइजी ही त्या कारकिर्दींची नावं. शोवाच्या आकड्यात 1925 मिळवा, ताइशोमध्ये 1911, मेइजीमध्ये 1867. बस.

पण साल कळलं की काम संपलं नाही, ते चित्राशी जुळवून बघायचं. मेइजी 38 म्हणजे 1905, रशियाशी झालेल्या युद्धाचं शेवटचं साल, त्या कपावर पोलादी हेल्मेट असेल तर गडबड आहे कारण तेव्हा शिपाई कापडी टोपी घालून लढले, जपानचं ते ओळखीचं हेल्मेट 1930 नंतरचं. मेइजी काळाच्या कपावर 'हवाई दल' असेल तरी तेच, लष्करात हवाई शाखा वेगळी झाली 1925 ला. ताइशो 15 वर संपलं, 16 नाहीच. आणि शोवा 1 फक्त आठवडाभर होतं, 1926 च्या 25 ते 31 डिसेंबर, तेव्हा शोवा 1 लिहिलेला कप कुणी दाखवला तर हळूच खाली ठेवा. 'दाइतोआ सेन्सो', म्हणजे बृहत् पूर्व आशिया युद्ध, हे नाव सरकारने ठरवलं 1941 च्या 12 डिसेंबरला, त्याआधीच्या तारखेबरोबर ते येऊच शकत नाही.

बऱ्याच खऱ्या कपांवर साल नसतंच, त्याचं टेन्शन घेऊ नका.

प्रश्न: मला जपानी अजिबात वाचता येत नाही. तरी स्वतः काही तपासता येईल का, की प्रत्येक वेळी कुणाच्या तरी मागे लागायचं?

येईल, भरपूर येईल. पाच-सहा अक्षरं फक्त आकार म्हणून ओळखायला शिका, एक रविवार पुरतो.

सगळ्यात कामाचं अक्षर म्हणजे 'रेंताई' मधलं 'रेन'. रेंताई म्हणजे रेजिमेंट. युद्ध संपेपर्यंत लष्कराच्या लिखाणात हे अक्षर जुन्या घडणीचं होतं, त्याच्या डाव्या अंगाला एक उभा शिडीसारखा भाग असतो, दोन उभ्या रेघा आणि मधे आडव्या, त्याचा अर्थच 'कान' असा आहे. युद्धानंतर लिपी सोपी केली, 1946 ला अक्षरांची यादी आली, 1949 ला त्यांचे सोपे आकार ठरले, आणि रेंताईसाठी दुसरंच 'रेन' रुळलं, ज्याच्या खाली डावीकडून उजवीकडे घसरत जाणारी लांब शेपटी असते. आता बनावट करणारा माणूस आजच्या कॉम्प्युटरवर रेंताई टाइप करतो तेव्हा येतं काय, तर शेपटीवालं. म्हणून कान दिसला तर बरं वाटतं, शेपटी दिसली तर भुवया वर जातात. तसंच 'देश' या अर्थाचं 'कोकु', चौकटीच्या आत जुन्या अक्षरात खूप गिचमिड असते, नव्यात 'मणी' या अर्थाचं साधं अक्षर.

याला मी शंका म्हणतो, निकाल म्हणत नाही, कारण हाताने लिहिणारे कारागीर युद्धाआधीही घाईत अक्षरं सोपी करायचेच. एका अक्षरावरून कप फेकून देऊ नका.

दुसरं, दिशा. त्या काळी आडवी ओळ उजवीकडून डावीकडे लिहायचे. मित्राकडून किंवा फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमधून एकदा वाचून घ्या, ओळ डावीकडून वाचली की अर्थ लागतोय का उजवीकडून, एवढंच बघा. आणि अक्षरांचा चेहरा बघा. ब्रशने लिहिलेलं अक्षर कुठे जाड कुठे बारीक असतं, शेवटी ब्रश उचलल्याची टोकदार शेपूट असते. छापील फाँटसारखं एका जाडीचं, नीट ओळीत बसलेलं अक्षर आणि खाली 'मेइजी' साल हे जमत नाही.

तिसरं, आणि यासाठी तर जपानी लागतच नाही: बुडाला इंग्रजीत 'मेड इन जपान' असेल तर तो माल परदेशी पाठवायला केलेला. अमेरिकेच्या आयातीच्या नियमांमुळे 1891 पासून मालावर देशाचं नाव घालायला लागलं, आधी 'निप्पॉन' चालायचं, 1921 नंतर 'जपान' लिहायला लावलं. शिझुओकाच्या शेतकऱ्याच्या पोराने शेजाऱ्यांना वाटायच्या कपावर इंग्रजी शिक्का कशाला मारून घेईल? 'ऑक्युपाइड जपान' असेल तर तो 1945 नंतरच्या अमेरिकी ताब्याच्या काळातला. याउलट बुडाला एक जपानी अक्षर आणि पुढे आकडा असा शिक्का असेल, गिफूसाठी 'गि', सेतोसाठी 'से', तर छान, युद्धकाळात सरकारने भांड्यांच्या उत्पादनावर नियंत्रण आणलं तेव्हा कारखान्यांना असे नंबर दिले होते. फक्त एवढं की शिक्का भांड्याचा काळ सांगतो, वरच्या चित्राचा नाही. कोरं युद्धकालीन भांडं घेऊन त्यावर आज चित्र काढता येतंच.

प्रश्न: तीन झेंड्यांचा कप, जपान, जर्मनी, इटली. नाझी स्वस्तिक स्पष्ट आहे. दुर्मिळ म्हणून मोठी किंमत सांगतायत. घ्यावा?

मी घेणार नाही. तिन्ही देशांचा करार 1940 च्या 27 सप्टेंबरला बर्लिनमध्ये झाला, त्याआधी 1936 ला जर्मनीशी आणि 1937 ला इटलीसह साम्यवादविरोधी करार होता, त्यामुळे तीन झेंड्यांच्या वस्तू त्या काळात बनल्या हे खरं आहे. पण या चिन्हासाठी जगभरातले नाझी वस्तू गोळा करणारेही पैसे मोजतात, आणि दोन बाजूंचं गिऱ्हाईक असलं की बनावट माल दोन बाजूंनी येतो. कुणाचं नाव नाही, रेजिमेंट नाही, प्रसंग नाही, नुसते तीन झेंडे, तर तो कुणी कुणाला दिला ते सांगताच येत नाही.

याच्या उलटी चूकही होते, ती जास्त वाईट वाटते. काही कपांवर स्वस्तिकासारखं चिन्ह असतं आणि लोक ते नाझी म्हणून विकतात किंवा घाबरून टाकून देतात. जपानमध्ये त्याला 'मांजी' म्हणतात, ते बौद्ध देवळाचं चिन्ह आहे, नकाशावरही देऊळ दाखवायला तेच वापरतात, आणि काही घराण्यांचं कुलचिन्हही आहे. आपल्याला तर हे समजायला दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नको.

झेंड्यांचा विषय निघालाच आहे तर, किरणांच्या झेंड्यात लष्कराच्या झेंड्याचा सूर्य मधोमध असतो आणि नौदलाच्या झेंड्यात, 1889 पासून, तो काठीच्या बाजूला सरकलेला असतो. नांगरवाल्या कपावर सूर्य मधोमध दिसला तर बाकीचं जरा बारकाईने बघा. आणि 'यामातो' युद्धनौकेचं नाव असलेला 'युद्धकाळातला' कप कुणी दाखवला तर त्याला विचारा की ही नौका नौदलाने लोकांपासून लपवून ठेवली होती मग तिचे आठवणीचे कप कुणी वाटले?

प्रश्न: एकाच आडनावाचा, एकाच रेजिमेंटचा अगदी सेम कप दोन वेगळ्या विक्रेत्यांकडे दिसला. म्हणजे दोन्ही बनावट ना?

अजिबात नाही. वर सांगितलं तसं, एकेक शिपाई गठ्ठ्याने कप करून घ्यायचा आणि घरोघरी द्यायचा. शंभर वर्षांत त्या घरांतून ते वेगवेगळ्या वाटेने बाहेर पडले. दोन कप शेजारी ठेवता आले तर बघा, हाताने रंगवलेले असतील तर पाकळ्यांत, रेघेत थोडा फरक असतोच. रेघ न् रेघ जुळली, अगदी चुकलेला ठिपकासुद्धा जुळला तर मात्र छाप आहे, आणि मग भिंगाखाली बघायचं की छाप कुठली. जुन्या काळीही ठसे आणि छापकाम होतं, त्यामुळे नुसतं छापलंय म्हणून बनावट होत नाही. आजच्या रंगीत मासिकाच्या पानासारखे निळे-गुलाबी-पिवळे बारीक ठिपके एका जाळीत दिसले तर तो आजचा.

प्रश्न: लाल लाकडी कप, सोन्याचं चित्र. लाखेचे असतात ना हे? आणि चांदीचे?

आपण सवयीने लाख म्हणतो, पण जपानी 'उरुशी' हा झाडाचा चीक आहे, आपल्या लाखेसारखा किड्याचा नाही. त्याचे थर लाकडावर चढवतात. खरा उरुशीचा कप हातात घेतला की पहिलं जाणवतं ते वजन, म्हणजे वजन नसणं, आणि दुसरं म्हणजे तो गार लागत नाही. बोटाच्या पेराने सोनं चाचपडून बघा, चित्र किंचित वर आलेलं असतं. कडेवर साच्याची जोडरेघ दिसली तर प्लॅस्टिक. उरुशीला ऊन आणि कोरडी हवा दोन्हीचा त्रास, काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवाल तर काही वर्षांत रंग विटतो आणि भेगा पडतात.

सरकारी कप यातच येतात. लाकडी कप हा जपानमध्ये अधिकृत सन्मान होता, आणि बादशहाकडून मिळालेले चांदीचे कपही आहेत, त्यांच्यावर सोळा पाकळ्यांची शेवंती असते. साध्या शिपायाने स्वतः करून घेतलेल्या कपावर ती सहसा दिसणार नाही, कारण ते राजघराण्याचं चिन्ह, कुणीही वापरावं असं नाही. चांदीवर 'जुनगिन' म्हणजे शुद्ध चांदी असा बारीक शिक्का शोधा. अक्षरांच्या कडा बघा, ठोकलेल्या-कोरलेल्या अक्षराची कड तीक्ष्ण असते, ओतीव नकलेत ती गुळगुळीत, साबणासारखी होते आणि खोलगट जागेत बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. आणि कृपा करून चांदी पॉलिश करू नका. तो काळसर थर शंभर वर्षांचा आहे, तो परत येत नाही.

सोबत किरी लाकडाची जुनी पेटी आणि तिच्यावर शाईने नाव असेल तर ती कपाइतकीच जपा.

प्रश्न: नेलपॉलिश रिमूव्हरने पुसलं की बनावट रंग निघतो असं ऐकलं. करून बघू?

दुसऱ्याच्या दुकानात तर मुळीच नको. तत्त्व बरोबर आहे, खरा रंग झिलईवर लावून पुन्हा भट्टीत साधारण 700-800 अंशांवर पक्का केलेला असतो, तो निघत नाही, आणि नुसता लावून ठेवलेला आजचा रंग निघतो. पण बनावटवालेही भट्टी वापरतात, म्हणजे रंग निघाला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि खऱ्या कपावरचं झिजत आलेलं सोनं तुमच्या चोळण्याने जाईल. उरुशीवर तर हे नावसुद्धा काढू नका. भिंग वापरा, त्याने काही बिघडत नाही.

प्रश्न: पुढच्या वर्षी जपानला जातोय. कुठे बघू आणि विक्रेत्याला काय विचारू?

क्योतोला असाल तर 21 तारखेला तोजी आणि 25 तारखेला कितानो तेन्मांगू, दोन्ही देवळांचे बाजार. तोक्योत इंटरनॅशनल फोरमच्या आवारात ओएदो बाजार महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी भरतो, निघण्याआधी तारीख तपासून घ्या. सकाळी लवकर जा, उजेडात बघा, संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली घेऊ नका.

विचारायचं एवढंच की हा कुठल्या घरातून आला, एकटा आला का सोबत अजून काही होतं. घर रिकामं करताना निघालेला कप बऱ्याचदा एकटा येत नाही, सोबत एखादी साकेची सुरई म्हणजे तोक्कुरी, दोन साधे कप, वर्तमानपत्राचा जुना कागद असं काहीबाही असतं. त्याउलट एकाच टेबलावर वैमानिक, रणगाडा, पाणबुडी, कामिकाझे असे दहा 'दुर्मिळ' कप ओळीने, सगळे सारखेच चकचकीत, तर पुढे चला. ऑनलाइन घेताना वर्णनात 'नो क्लेम, नो रिटर्न' असेल, जपानी लिलावात हे सर्रास लिहितात, तर माल परत होणार नाही असं धरूनच बोली लावा. बुडाचा फोटो नसेल तर मागा. मागूनही दिला नाही तर सोडून द्या, अजून खूप कप आहेत.

प्रश्न: माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकते. ती म्हणाली, बाबा, या सैन्याने चीनमध्ये काय केलं माहितीये ना, मग हे शोकेसमध्ये कसं ठेवता? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलीचं बरोबर आहे, आणि हा प्रश्न आला याचा मला आनंद आहे.

या कपांपैकी बरेच 1931 नंतर मांचुरियात आणि 1937 नंतर चीनमध्ये गेलेल्या रेजिमेंटचे आहेत. 'गाईसेन' असं अक्षर असतं काहींवर, म्हणजे विजयी होऊन परत. तो विजय ज्यांच्या गावावर चालून गेला त्यांची माणसं मेली, घरं जळली, आणि नानजिंगमध्ये 1937 च्या डिसेंबरात जे हत्याकांड झालं ते कुठल्याही चेरीच्या फुलाखाली झाकता येत नाही. मी माझ्या कपाटात असे कप दर्शनी ठेवत नाही. प्रत्येकासोबत एक कार्ड ठेवलंय, रेजिमेंट कुठली, त्या वर्षी ती कुठे होती आणि तिथे काय घडलं. कार्ड लिहायला कधी कधी महिना जातो. ते लिहून झाल्याशिवाय मी कप कुणाला दाखवत नाही, कारण नुसतं 'किती सुंदर काम आहे' एवढंच म्हणून पुढे जाणं मला जमत नाही.

तरी ठेवतो, कारण या कपावर एक आडनाव आहे. सेनापतींचे पुतळे असतात, कागदपत्रं असतात. वीस वर्षांच्या पोराने शेजारच्या काकूला 'आलो परत' म्हणून दिलेला कप, त्याच्याबद्दलचं दुसरं काही कदाचित शिल्लकच नाही. तो चांगला होता की वाईट, त्याने तिथे काय केलं, कप सांगत नाही. मुलीला म्हणावं, कार्ड तू लिही. इतिहास शिकतेय, तिच्या हातून चांगलं होईल.

प्रश्न: या कपातून साके प्यायली तर चालेल का?

नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोमट पाण्याने, मऊ कापडाने, हाताने धुवा, डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही बंद, आणि पुसताना सोनेरी कडेवर जोर देऊ नका, तिथे आधीच कुणाचे तरी ओठ लागून ती अर्धी गेलेली असते.